जिन्याखालची खोली नको: वसतिगृहाच्या आवारात ई-सायकली आणि स्कूटर कुठे लावायच्या, चार्ज कशा करायच्या

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वसतिगृहाच्या आवारात साधारण ४० ई-सायकली व किक स्कूटर (उभं राहून चालवायच्या छोट्या विजेच्या स्कूटर) आणि २५ ई-स्कूटर आहेत. मुलं खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतात, काही जण बॅटरी काढून खोलीत नेतात आणि रात्रभर चार्जिंगला लावतात. म्हणून समितीने तळमजल्यावर जिन्याखाली असलेली रिकामी खोली साफ करून, तिथे दहा-बारा सॉकेट बसवून, बाहेरून कुलूप लावायचं ठरवलं आहे. हे सुरक्षित होईल का, सामान कोणतं घ्यायचं, आणि तरीही बॅटरी खोलीत नेणाऱ्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

जिन्याखालची खोली नको. सॉकेट कितीही चांगले बसवले तरी नको. समितीने ‘आग लागू नये म्हणून काय करावं’ एवढाच विचार केलेला दिसतो. ‘लागलीच तर ती कोणाच्या वाटेत येईल’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि जागा ठरवताना तोच आधी विचारायचा असतो.

लिथियम बॅटरी बिघडते तेव्हा नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. ई-सायकलच्या पॅकमध्ये साधारण ४० ते ५० छोटे सेल असतात. त्यातल्या एकाच्या आत शॉर्ट झालं, तो ठेचला गेला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला, की तो स्वतःच्याच रासायनिक क्रियेने तापत जातो आणि शेजारच्या सेलला तापवतो. ही साखळी सुरू झाली की प्लग काढून थांबत नाही. सेल फुटताना पांढरा, वाफेसारखा धूर बाहेर पडतो. ती वाफ नसते. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, जळणारी सॉल्व्हंट्स आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. मोकळ्या हवेत ते बऱ्यापैकी पांगतात. बंद खोलीत साठतात, आणि ठिणगी मिळाली की स्फोट होऊन दारच उडतं. हे जिन्याखाली घडलं तर वरच्या मजल्यांवरच्या मुलांना खाली यायचा रस्ताच धुराने भरलेला असेल. शिवाय कुलूप असल्याने सुरुवातीचा हिस्स आवाज, गोडसर सॉल्व्हंटचा वास, पहिला धूर हे काहीच कोणाला कळणार नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. आवारात मोकळी जागा किती, इमारतीचा मंजूर वीजभार किती, तुमच्याकडे अग्निशमन आणि वीज निरीक्षणाचे नियम काय आहेत, विमा कंपनीच्या अटी काय आहेत, हे मला इथून दिसत नाही. त्यामुळे खालचे काही आकडे व्यवहारात वापरतो ते आहेत. तुमच्याकडचा नियम जास्त कडक असेल तर तोच पाळा.

जागा अशी शोधा: इमारतीच्या भिंतीपासून, आणि खास करून खिडक्या-दारांपासून, किमान ६ मीटर लांब. वर पत्र्याचं छप्पर, बाजू उघड्या. छपराला प्लॅस्टिकची किंवा फायबरची शीट नको, ती पेटून वितळते आणि थेंब खालच्या गाड्यांवर पडतात. सावलीसाठी फ्लेक्स किंवा ताडपत्री बांधायचा मोह होतो, तीही नको. जमीन काँक्रीटची आणि आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी, कारण पाणी साचलेल्या जागी चार्जिंग चालत नाही. पेट्रोलच्या गाड्या याच शेडमध्ये लावू नका. गॅस सिलिंडरची खोली, जनरेटरची डिझेल टाकी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून लांब राहा. बंब शेडपर्यंत पोचेल असा रस्ता हवा आणि तो गाड्यांनी अडलेला नसावा.

सगळ्या गाड्या एका सलग रांगेत लावल्या तर एकीची आग शेवटपर्यंत जाते. पाच-सहा गाड्यांचा एक गट करा. दोन गटांमध्ये २ मीटर मोकळे सोडा किंवा छातीपेक्षा उंच सिमेंट ब्लॉकची भिंत घाला. नुसत्या उभ्या गाड्या आणि चार्जिंगच्या गाड्या यांचे गट वेगळे ठेवा. चार्जिंगच्या जागेवर पूर्ण चार्ज झालेली गाडी दोन-दोन दिवस अडकून पडली की बाकीचे पुन्हा खिडकीतून वायर सोडतात, हे ठरलेलंच. सायकलचं चाक आणि फ्रेम दोन्ही कुलपात घेता येतील असे लोखंडी कमानीचे स्टँड बसवा. चोरीची भीती हे बॅटरी खोलीत नेण्याचं मोठं कारण असतं, त्यामुळे कुलूप आणि उजेड हाही आगीच्या सुरक्षेचाच भाग धरा.

पॉइंट किती लागतील? ६५ गाड्यांना ६५ सॉकेट लागत नाहीत. ई-सायकलची बॅटरी साधारण ५०० वॅट-अवर, स्कूटरची २ ते ४ किलोवॅट-अवर. आवारात आणि जवळपास फिरणारी सायकल तीन-चार दिवसांतून एकदा चार्ज होते, स्कूटर चार-पाच दिवसांतून एकदा. म्हणजे रोज सरासरी १० ते १३ सायकली आणि ५-६ स्कूटर. संध्याकाळी सगळे एकदम येतात म्हणून सायकलींसाठी १४ आणि स्कूटरसाठी ८ पॉइंट धरा. सायकलचा चार्जर १०० ते १५० वॅट घेतो आणि स्कूटरचा बऱ्याचदा ७५० च्या आसपास. १५० आणि ७५० धरले तर २.१ अधिक ६, म्हणजे सुमारे ८ किलोवॅट होतात. स्वस्त चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) सुधारणारं सर्किट नसतं, त्यामुळे तो ०.६ पर्यंत खाली धरून हिशेब करा: साधारण १३.५ केव्हीए, थ्री-फेजवर दर फेजला जवळपास २० ऍम्पियर. ३२ ऍम्पियरची थ्री-फेज लाइन मुख्य पॅनलमधून थेट शेडपर्यंत आणली की पुरे. वसतिगृहाच्या मजल्यावरच्या डीबीतून (वीज वाटपाच्या पेटीतून) वायर ओढू नका.

अशा चार्जरच्या बाबतीत एक गोष्ट वायरमनच्या नजरेतून हमखास सुटते. तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमधून फारसा करंट जात नाही, हा नेहमीचा अनुभव इथे लागू पडत नाही. चार्जरच्या रेक्टिफायरमुळे (एसीचं डीसी करणाऱ्या भागामुळे) तयार होणारे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तीनच्या पटीतले जादा करंट, न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक घेऊ देऊ नका. फेजइतकी तरी हवीच, आणि एक साइज जास्त घेतलीत तर उत्तम.

प्रत्येक सॉकेटला स्वतःचा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की पडणारा स्विच) संरक्षण द्या. आरसीसीबी ‘टाइप ए’ मागून घ्या. चार्जरच्या बिघाडात येणारा गळतीचा करंट पूर्ण एसी नसतो, आणि नुसत्या ‘एसी’ प्रकाराचा आरसीसीबी तो ओळखेलच असं नाही. एका आरसीसीबीवर दहा-बारा चार्जर टांगले तर तो विनाकारण पडत राहतो, कारण प्रत्येक चांगल्या चार्जरमधूनही अर्धा ते एक मिलिअँपियर गळती कायम चालू असते आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. सतत पडायला लागला की कोणीतरी तो बायपास करतो, मग संरक्षण शून्य. एका आरसीसीबीमागे पाचापेक्षा जास्त पॉइंट ठेवू नका. एमसीबी ‘सी’ कर्व्हचे घ्या, वीज जाऊन परत आली की सगळे चार्जर एकदम जो झटका घेतात त्याला ‘बी’ कर्व्ह पडू शकतो. अर्थिंग शेडपाशी मोजून घ्या, कागदावर नको.

सॉकेट १६ ऍम्पियरचे घ्या, झाकणवाले, किमान आयपी ४४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), पावसाची झड येत असेल तर आयपी ५५. ‘स्कूटरचा चार्जर तर चारच ऍम्पियर घेतो, मग १६ चा कशाला’ असं विचारलं जाईल. आग इथेही सुरू होऊ शकते, म्हणून जरा थांबून सांगतो. वापरातला एखादा जुना सॉकेट जवळून बघा. फेजच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालेलं असेल, प्लग घातला की तो किंचित खाली झुकत असेल आणि पिनेवर काळसर डाग असेल. आतली पितळी पट्टी सैल झाली आहे. समजा त्या सांध्याचा रोध ०.२ ओहम झाला आणि ५ ऍम्पियर करंट वाहतोय, तर त्या एका टोकावर ५ वॅट उष्णता तयार होते, तीही सलग चार-पाच तास. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेला ५ वॅट फार होतात. आणि करंट नेहमीइतकाच असल्यामुळे एमसीबी पडत नाही, गळती नसल्यामुळे आरसीसीबीही पडत नाही. पॅनलमधलं कोणतंच उपकरण ही आग ओळखत नाही. मोठ्या सॉकेटची पकड जाड आणि घट्ट असते म्हणून तो घ्यायचा. महिन्यातून एकदा, तासभर चार्जिंग झाल्यावर, वायरमनने प्रत्येक प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हाताची पाठ लावून बघायची. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट त्याच दिवशी बदलायचा, आणि त्या गाडीचा प्लगही, कारण काळवंडलेली पिन नव्या सॉकेटलाही खराब करते.

एक्स्टेन्शन बोर्ड शेडमध्ये पूर्ण बंद. ६ ऍम्पियरच्या बोर्डावर स्कूटरचे चार चार्जर म्हणजे ३ किलोवॅट, १३ ऍम्पियर. त्यातून वायरची गुंडाळी तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेरच पडत नाही. सॉकेट गाडीच्या चार्जिंग पोर्टपासून दीड मीटरच्या आत आणि जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असला की कोणाला बोर्डाची गरज पडत नाही. शेजारी चार्जर ठेवायला जाळीची लोखंडी फळी द्या. चार्जर सीटवर, पायदानावर किंवा पिशवीत ठेवला की त्याला हवा मिळत नाही.

दुसरी मोठी गडबड चार्जरच्या अदलाबदलीची. मुलं एकमेकांना विचारतात, ‘४८ चा चार्जर आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘४८ व्होल्ट’ लिहिलेला एक पॅक १३ एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलच्या मालिकेचा असतो, तो ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. ‘४८ व्होल्ट’च म्हणून विकला जाणारा दुसरा पॅक १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा असतो, तो ५८.४ ला भरतो. दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट येतात. पॅकमधल्या बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) तिथे पुरवठा तोडायला हवा आणि बहुधा तो तोडतोही. पण तेवढा एकच अडसर उरतो, आणि स्वस्त किंवा दुरुस्त केलेल्या पॅकमध्ये तो धड असेलच याची खात्री नसते. ४८ व्होल्टच्या लेड-ऍसिड चार्जरचंही तेच, तोही ५८-५९ च्या घरात जातो. प्लगचा आकार जुळला म्हणजे चार्जर जुळला असं नाही.

म्हणून शेड सुरू करण्याआधी प्रत्येक गाडीची नोंदणी करा. एका गाडीला दहा मिनिटं लागतात. चार्जरच्या लेबलवर ‘आउटपुट’ पुढे जो व्होल्टेजचा आकडा आहे तो बॅटरीच्या किंवा गाडीच्या पुस्तिकेतल्या चार्जिंग व्होल्टेजशी दशांशासकट जुळला पाहिजे. जुळला की दोघांवर एकाच क्रमांकाचा स्टिकर लावायचा, आणि सुरक्षारक्षकाला सांगायचं की क्रमांक वेगळे दिसले तर प्लग काढ. त्याच वेळी बॅटरीच्या कवचाचा जोड उघडा पडलाय का, पोट फुगलंय का, पोर्टमधल्या पिना हिरवट झाल्यात का, हे बघून घ्यायचं. घरी किट बसवून इलेक्ट्रिक केलेल्या सायकलींची जास्त बारकाईने तपासणी करा. त्यात मोटर एकाकडची, पॅक दुसऱ्याकडचा आणि चार्जर तिसऱ्याकडचा असतो.

प्रमाणपत्रांबद्दल दोन शब्द. पूर्ण ई-सायकलच्या विद्युत यंत्रणेसाठी यूएल २८४९, किक स्कूटरसाठी यूएल २२७२ आणि नुसत्या बॅटरीसाठी यूएल २२७१ ही अमेरिकी मानकं आहेत. युरोपात ई-सायकलला ईएन १५१९४ लागू होतं. सेलसाठी आणि छोट्या पॅकसाठी आयईसी ६२१३३-२. मोठ्या स्कूटरचं मानक त्या-त्या देशाच्या वाहन नियमांत असतं, भारतात बॅटरीसाठी ते एआयएस १५६ आहे. पॅकवर नुसतं यूएन ३८.३ असेल तर ती वाहतुकीत टिकण्याची चाचणी आहे. वर्षानुवर्षं वापरताना आणि चार्ज करताना पॅक सुरक्षित राहील असं ती सांगत नाही. विक्रेते हाच कागद पुढे करतात, तेव्हा ध्यानात असू द्या.

वेळेचं बंधन टायमरवर टाका. शेडचा पुरवठा सकाळी ७ ते रात्री १० एवढाच ठेवा, म्हणजे आजूबाजूला माणसं जागी असतात तेव्हाच चार्जिंग होतं. मुलं म्हणतील, अर्धवट चार्ज केलं तर बॅटरी खराब होते. लिथियमची होत नाही, उलट ८०-९० टक्क्यांवर थांबवलेली ती जास्त टिकते. फक्त बीएमएस सेलमधला फरक समान करतं ते चार्जिंगच्या शेवटी, म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा १०० टक्के होऊ द्यावं आणि वर अर्धा-एक तास लावून ठेवावं. लांबून तापून आलेली गाडी लगेच लावू नये, अर्धा तास सावलीत थांबू द्यावी. बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. शून्याखाली चार्ज केलं तर सेलच्या आत लिथियम धातूचा थर जमतो आणि पुढे तोच शॉर्ट घडवू शकतो.

एलएफपी पॅक असेल तर चिंता नाही, असं तुमच्या समितीतल्या एकांचं मत तुम्ही लिहिलंय. एलएफपी जास्त तापमानापर्यंत तग धरते आणि तिची आग सहसा कमी भडकते, हे खरं. पण बिघडल्यावर जळणारा वायू तीही सोडते आणि बंद जागेत तो तितकाच घातक असतो. जागेचे नियम दोन्हींना सारखेच ठेवा.

पडलेली, ठेचलेली, पाण्यात बुडालेली, फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही, ‘चालतेय की’ म्हणून तर नाहीच. अशा बॅटरीसाठी शेडपासून आणि इमारतीपासून लांब, काँक्रीटवर, वर आडोसा असलेली एक कुंपण घातलेली जागा आधीच ठरवून ठेवा. तिथे ती लोखंडी ट्रेमध्ये ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही कोंडू नका, वायू साठून तो डबाच फुटतो. पुढे ती अधिकृत सेवा केंद्राकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे जाईल, कचराकुंडीत नाही.

धूर दिसला तर काय करायचं, हे शेडच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावा. सगळ्यांनी लांब आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला जायचं. आपत्कालीन लाल स्विच दाबून पुरवठा तोडायचा, म्हणून तो स्विच शेडमध्ये नको, येण्याच्या वाटेवर पाच-सात मीटर अलीकडे हवा. अग्निशमन दलाला ‘लिथियम बॅटरीची आग’ असं स्पष्ट सांगायचं. धुमसणारी बॅटरी उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही. धुरापासून ज्वाळेपर्यंत कधी कधी काही सेकंदच जातात. पावडरचा किंवा सीओटू सिलिंडर शेजारी पेटलेल्या सीटसाठी किंवा वायरसाठी ठीक आहे. पॅकची ज्वाळा त्याने क्षणभर विझते, पण आतले सेल थंड होत नाहीत आणि आग पुन्हा येते. थंड करायला भरपूर पाणीच लागतं, तेही वीज तोडल्याची खात्री झाल्यावर आणि शक्यतो दलाच्याच हातून. विझलेली गाडी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकते, म्हणून ती मोकळ्यावर, इतर गाड्यांपासून लांबच ठेवायची. उघड्या शेडमध्ये साधा स्मोक डिटेक्टर भरवशाचा नाही, वारा धूर नेतो. छपराखालून उष्णता ओळखणारी डिटेक्शन केबल फिरवा, आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावर कॅमेऱ्याचं चित्र दिसू द्या.

आता बॅटरी खोलीत नेणाऱ्यांबद्दल. खोलीतल्या चार्जिंगला बंदी हवीच. पण शेड चालू होण्याआधी ती घातलीत तर चार्जिंग पलंगाखाली जाईल, चादरीने झाकलं जाईल, आणि ती सगळ्यात वाईट जागा आहे. आधी शेड चालू करा, दोन आठवडे सॉकेट कमी पडतायत का ते बघा, मग बंदीची तारीख लावा. पहिल्या महिन्यात सापडलेल्या मुलाला दंड करण्याऐवजी त्याची बॅटरी शेडमध्ये आणून नोंदणी करून घ्या. तुमच्याकडचा खरा आकडा तेव्हाच कळेल. चोरीच्या भीतीने बॅटरी काढणाऱ्यांसाठी शेडच्याच एका गटात, भिंतीपलीकडे, लोखंडी लॉकर ठेवा, एका कप्प्यात एकच बॅटरी, मागे-पुढे हवेची जाळी, आणि आत सॉकेट नाही. लॉकरमध्येच चार्जिंग द्यायचा आग्रह झाला तर कपाट विकणाऱ्याला एक प्रश्न लेखी विचारा: हे आतून लागलेल्या आगीसाठी तपासलंय की बाहेरच्या? ज्वलनशील द्रवांची अग्निरोधक कपाटं बाहेरच्या आगीपासून आतला माल वाचवायला बनवलेली असतात, आणि रंग बदलून तीच बॅटरीची कपाटं म्हणून विकली जातात. आतल्या आगीचा चाचणी अहवाल मिळाला नाही तर ते घेऊ नका, बॅटरी गाडीवर लावूनच चार्ज होऊ द्या.